वरातीत आजही ज्याची स्टेप नाचली जाते, त्या भगवान दादांनी सात गाड्या कमावल्या आणि गमावल्यासुद्धा

बारामती, इंदापूर भागातली लग्नाची वरात आठवून बघा. डीजे असो नाहीतर बँजो पार्टी, तरणी पोरं नागीण होऊन धुळीत लोळून झाली की एखादे पन्नाशीतले काका पुढे येतात. टोपी जरा तिरकी करतात, दोन्ही हात कोपरातून वर उचलतात आणि जागच्या जागी कंबर हलवत हळूहळू पुढे सरकतात. ना उडी, ना गिरकी. तरीही सगळी वरात त्यांच्याकडेच बघत राहते.

ती स्टेप कुणाची, हे काकांना माहीत असेलच असं नाही. ती आहे भगवान आभाजी पालव या माणसाची. सिनेमावाल्यांचे मास्टर भगवान आणि आपले भगवान दादा.

भगवान दादांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ चा. वडील कापड गिरणीत कामगार होते, त्यामुळे लहानपण मुंबईच्या गिरणगावातच गेलं. शिक्षण फार झालं नाही. पडेल ती मजुरी करायची आणि चार पैसे हातात आले की सिनेमा बघायचा, हाच दिनक्रम. तेव्हा सिनेमे मुके होते. पडद्यावर मास्टर विठ्ठल तलवार फिरवायचे आणि खाली पिटातली पोरं शिट्ट्या मारायची. त्या पोरांमधलाच हा एक.

मूकपटांचा काळ संपत आला असताना भगवान दादा छोट्या-मोठ्या कामांतून पडद्यावर आले. बुटका बांधा, गोल चेहरा. हिरोच्या कुठल्याही व्याख्येत न बसणारा माणूस. पण व्यायामाची आवड होती आणि पडायची भीती नव्हती. त्यांच्या विनोदाचं भांडवल हेच होतं.

इथे जरा थांबून स्लॅपस्टिक म्हणजे काय ते बघू. जुन्या इटालियन नाटकांत विदूषकाच्या हातात दोन लाकडी पट्ट्या जोडलेलं एक दांडकं असायचं. ते पाठीत हाणलं की पट्ट्या एकमेकींवर आपटून फाडकन आवाज व्हायचा, पण मार लागायचा नाही. आपल्याकडे सर्कशीतल्या जोकरांची मारामारी बघितली असेल तर हा प्रकार लगेच कळेल. या दांडक्यावरूनच विनोदाच्या एका अख्ख्या प्रकाराला स्लॅपस्टिक नाव पडलं. चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांनी मूकपटांत तो जगभर नेला. आपटायचं, धडपडायचं, पळायचं, मार खायचा आणि पुन्हा उभं राहायचं. याला भाषा लागत नाही. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा चॅप्लिन आजही मोबाईलवर बघताना तीन वर्षांचं पोर आणि त्याचे आजोबा एकाच ठिकाणी हसतात.

या विनोदाचा नियम एकच. आवाज मोठा झाला पाहिजे, पण लागता कामा नये.

भगवान दादांनी १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्यासोबत 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला आणि तिथून त्यांची गाडी सुरू झाली. पुढची दहा-बारा वर्षं त्यांनी एकामागून एक स्टंटपट काढले. बजेट तुटपुंजं असायचं. दिग्दर्शन, अभिनय, मारामारी, कलाकारांच्या कपड्यांची आणि जेवणाची व्यवस्था, सगळ्यात स्वतः घुसायचं. बऱ्याचदा ते भोळाभाबडा गडी रंगवायचे. प्रेक्षक होता गिरणी कामगार, हमाल, टांगेवाला. पेपरात या सिनेमांचं कौतुक फारसं छापून यायचं नाही, पण स्वस्तातल्या तिकिटांच्या रांगा लागायच्या. १९४१ मध्ये त्यांनी 'वनमोहिनी' हा चक्क तमिळ सिनेमा केला. भाषा वेगळी असली तरी अंगानं केलेला विनोद सगळीकडे चालतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पण १९४२ मध्ये तो एक नियम मोडला.

'जंग-ए-आझादी' नावाच्या सिनेमाचं शूटिंग चालू होतं. समोर होत्या येवल्याच्या ललिता पवार, त्या काळातल्या आघाडीच्या नायिका. सीनमध्ये भगवान दादांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. ती खरोखरच जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. सुमारे तीन वर्षं उपचारांत गेली. हिरॉईन म्हणून त्यांचं करिअर तिथेच संपलं.

ललिताबाई परत उभ्या राहिल्या त्या चरित्र भूमिकांमध्ये. बारीक झालेला तो डोळा खाष्ट सासूच्या भूमिकांची ओळख बनला. 'अनाडी'साठी फिल्मफेअर मिळालं, पुढे टीव्हीवरच्या 'रामायण'मध्ये त्यांची मंथरा घराघरात पोचली. त्यांनी जे मिळवलं ते स्वतःच्या जिद्दीवर. त्या थोबाडीतीला त्याचं श्रेय देता येत नाही. भगवान दादांच्या चरित्रातही ती घटना कायमची राहिली. आयुष्यभर खोटा मार खाऊन लोकांना हसवणाऱ्या माणसाच्या हातून एकच फटका खरा बसला आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

त्याच १९४२ मध्ये भगवान दादा निर्माते झाले. जागृती पिक्चर्स ही स्वतःची कंपनी काढली आणि १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा केला. गिरणी कामगाराच्या पोराचा आता स्वतःचा स्टुडिओ होता. मित्रांवर त्यांचा जीव होता. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र हे त्यातले सगळ्यात जवळचे. ते मोठे संगीतकार होण्याआधी त्यांना संधी देणाऱ्यांत भगवान दादा होते. १९४२ चा 'सुखी जीवन' या दोघांचाच.

मग राज कपूर यांनी भगवान दादांना सल्ला दिला, की मारामारीचे सिनेमे पुरे, आता एखादा सामाजिक सिनेमा करा. भगवान दादांनी तो मनावर घेतला. १९५१ मध्ये 'अलबेला' आला. गीता बाली नायिका, संगीत सी. रामचंद्र यांचं आणि नायक स्वतः भगवान दादा.

त्या वर्षी राज कपूरचा 'आवारा' आणि देव आनंदचा 'बाजी' असे तगडे सिनेमे थिएटरात होते. त्यांच्यापुढे हा बुटका, जाडसर हिरो. पण गोष्ट अशी होती की गरीब घरातला प्यारेलाल, नाटकाचं वेड लागलेला, अपमान सहन करून घर सोडतो आणि स्टेजवर नाव कमावतो. पिटातल्या प्रेक्षकाला त्यात स्वतःचा चेहरा दिसला. 'शोला जो भडके' आणि 'भोली सूरत' या गाण्यांवर लोक थिएटरात उठून नाचायचे, पडद्यावर नाणी उधळायचे, असं आजही सांगितलं जातं.

आणि आली ती स्टेप. लोकांना ती आवडली याचं एक साधं कारण आहे. ती कुणालाही जमते. त्यासाठी ना क्लास लावावा लागतो, ना सडपातळ असावं लागतं. पुढे अमिताभ बच्चन आणि गोविंदा यांच्या नाचातही भगवान दादांची छाप दिसते, असं जाणकार सांगतात.

'अलबेला'नं पैसा आणला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी एक अशा सात गाड्या, ही भगवान दादांची श्रीमंती सिनेसृष्टीत दंतकथा बनून राहिली आहे.

पण तोच डाव पुन्हा लागला नाही. १९५३ चा 'झमेला' आला, १९५६ मध्ये किशोर कुमारसोबतचा 'भागम भाग' आला. 'अलबेला'ची जादू कशालाच जमली नाही. 'हंसते रहना' नावाच्या सिनेमात पैसा ओतला, तो कधी पूर्णच झाला नाही. स्टुडिओ गेला, बंगला गेला, एकेक करून गाड्या गेल्या. भगवान दादा पुन्हा दादरच्या चाळीत राहायला आले. त्यातच आग लागून त्यांच्या बहुतेक सिनेमांच्या प्रिंट जळाल्या. स्टंटपटांचं ते सगळं जग आज बघायलाही मिळत नाही.

हॉलिवूडच्या बस्टर कीटनचं असंच झालं होतं. १९२८ मध्ये तो मोठ्या स्टुडिओच्या पगारावर गेला, सिनेमांवरचा ताबा गमावला आणि दारूत बुडाला. म्हातारपणी जगानं त्याला पुन्हा शोधून काढलं, मानाचा ऑस्कर दिला. भगवान दादांच्या वाट्याला तेवढं आलं नाही. जिथे ते हिरो आणि मालक होते, तिथेच पुढची अनेक वर्षं त्यांनी छोट्या भूमिका केल्या. कधी हवालदार, कधी गर्दीत नाचणारा एक माणूस. बोलावणं आलं की जायचं, तीच स्टेप करायची आणि घरी यायचं. पडती बाजू आली तसे बरेच मित्र पांगले. सी. रामचंद्र, ओमप्रकाश, गीतकार राजेंद्र कृष्ण अशी मोजकी माणसं मात्र चाळीचा जिना चढून येत राहिली.

दादरकर सांगतात, की गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीपाशी आली की थांबायची. बँडवाले 'अलबेला'चं गाणं धरायचे आणि थकलेले भगवान दादा खाली येऊन दोन पावलं नाचायचे. तेव्हाच मिरवणूक पुढे सरकायची.

४ फेब्रुवारी २००२ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं दादरच्या घरीच ते गेले. २०१६ मध्ये त्यांच्या आयुष्यावर 'एक अलबेला' हा मराठी सिनेमा आला. मंगेश देसाई यांनी भगवान दादा साकारले, विद्या बालन गीता बाली झाल्या.

स्टुडिओ, बंगला आणि गाड्या यातलं आज काही उरलेलं नाही. पुढच्या वेळी वरातीत एखादे काका टोपी तिरकी करून पुढे आले, तर व्हिडिओ जरूर काढा. फक्त स्टेटसला टाकताना खाली भगवान दादांचं नाव लिहा.