देहाचा विश्वासू कारभारी : आचार्य विनोबा भावे

साठी उलटली की आपल्या बोलण्यात गुडघे, कंबर आणि रक्तदाब यांचा शिरकाव होतो. भिलाईसारख्या कारखान्याच्या गावी हे विशेष जाणवते. पस्तीस-छत्तीस वर्षे पाळ्यांमध्ये काम केलेला माणूस निवृत्त होतो आणि वर्ष-दोन वर्षांतच जिना चढताना कठड्याचा आधार शोधू लागतो. श्रम थांबले, पण भूक व सवयी मात्र पूर्वीच्याच राहिल्या, ही त्यामागची साधी गोष्ट अनेकांच्या ध्यानी येत नाही. म्हणून आज अशा एका पुरुषाचे चरित्र आपणांपुढे ठेवावेसे वाटते, ज्याचा देह मुळात बळकट नव्हता, ज्याला दुखण्यांनी जन्मभर सोडले नाही आणि तरीही ज्याने वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर पायी चालून जवळजवळ सारा भारत पालथा घातला. ते पुरुष म्हणजे आचार्य विनोबा भावे.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. शिक्षण बडोद्यास झाले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरला व काशीस गेला. त्याच वर्षी जूनमध्ये तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींना येऊन मिळाला. तेथील श्रमाचे जीवन त्याने आनंदाने पत्करले. परंतु शरीर साथ देईना. पुढे एक वर्षाची रजा घेऊन तो वाईस संस्कृताच्या अध्ययनासाठी गेला. वाचकहो, आपल्या विषयाच्या दृष्टीने हे वर्ष फार महत्त्वाचे आहे.

या वर्षाचा हिशेब विनोबांनी १९१८ च्या आरंभी गांधीजींना पत्राने कळवला. त्यात उपनिषदे व ब्रह्मसूत्रे यांच्या अभ्यासाबरोबर प्रकृतीचाही हिशेब तितक्याच काटेकोरपणे दिलेला आहे. प्रथम त्यांनी रोज दहा-बारा मैल चालण्याचा परिपाठ ठेवला. मग जात्यावर धान्य दळले. त्यानंतर रोज तीनशे नमस्कार घालण्याचा व्यायाम धरला. प्रकृती सुधारली ती या क्रमाने. आहाराचेही तसेच. मसाले त्यांनी सोडले होते. एक महिना केवळ केळी, लिंबू व दूध यांवर राहून पाहिले. शक्ती कमी झाली असे दिसताच तो प्रयोग त्यांनी सोडून दिला. शेवटी साठ तोळे दूध, वीस तोळे ज्वारीच्या दोन भाकरी, चार-पाच केळी आणि मिळाल्यास एखादे लिंबू, असा आहार ठरला.

आजच्या मापाने हा आहार तपासून पाहा. साठ तोळे म्हणजे सुमारे सातशे ग्रॅम दूध आणि वीस तोळे म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमांहून थोडी अधिक ज्वारी. या दोहोंतून पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम प्रथिने मिळतात. शिवाय दुधातून कॅल्शियम व ज्वारीतून चोथा मिळतो. वृद्धापकाळी वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे आज अनेक आहारतज्ज्ञ सांगतात. (मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र याबाबत आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.) आता आपले ताट पाहा. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी भाताचा डोंगर व त्यावर पातळ वरण, रात्री पुन्हा भात. पोट भरते, पण स्नायूंना काय मिळते? वयाबरोबर स्नायू झिजत जातात आणि सांध्यांना सांभाळणारे बळ कमी होते. गुडघेदुखीत वयाचा भाग असतो हे खरे. पण दुबळी मांडी आणि वाढलेले वजन यांचाही त्यात मोठा भाग असतो.

१९२१ साली विनोबा वर्ध्यास आले. पुढील वर्षे आश्रम, तुरुंग आणि सूतकताई यांत गेली. सूत कातून मिळणाऱ्या मजुरीवरच उदरनिर्वाह करावयाचा, असा कठोर प्रयोगही त्यांनी केला. या साऱ्याचा परिणाम असा झाला की १९३८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे वजन अवघे अठ्ठ्याऐंशी पौंड, म्हणजे चाळीस किलो राहिले. माणूस वाचतो की नाही, अशी आप्तेष्टांना भीती वाटू लागली. गांधीजींनी हवापालटाचा आग्रह धरला. विनोबांनी थंड हवेचे ठिकाण निवडले नाही. वर्ध्यापासून काही मैलांवर, धाम नदीकाठी पवनार येथे जमनालाल बजाज यांचा बंगला होता. तेथे ते मार्च १९३८ मध्ये राहावयास गेले. नदीवरील पूल ओलांडताना त्यांनी सर्व संस्थांची व कार्याची चिंता मनातून टाकून दिली. मग शेतात कुदळ हाती घेतली. पहिल्या दिवशी अगदी थोडी मिनिटे, दुसऱ्या दिवशी त्याहून किंचित अधिक, अशा बेताने त्यांनी खोदण्याचा वेळ वाढवत नेला. त्याबरोबर पुरेसा आहार आणि विश्रांती घेतली. सुमारे दहा महिन्यांत त्यांचे वजन जवळजवळ चाळीस पौंडांनी वाढले.

वाचकहो, या प्रसंगी थोडे थांबू या. आपणांपैकी कित्येकजण नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने तासभर चालतात, चौथ्या दिवशी पाय सुजतात आणि पाचव्या दिवशी व्यायाम संपतो. मिनिटामिनिटाने वाढवलेला श्रम शरीर स्वीकारते. एकदम लादलेल्या श्रमाविरुद्ध ते बंड करते. दुसरी गोष्ट चिंतेची. उद्याची चिंता करू नये, ही शिकवण आपण डोंगरावरील प्रवचनात लहानपणापासून वाचत आलो आहोत. विनोबांनी ती पवनारच्या पुलावर औषध म्हणून घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे तुरुंगवासात त्यांनी दक्षिणेच्या चारही भाषा आत्मसात केल्या. निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ त्यांनी अभ्यासिले. बायबलचे त्यांचे वाचन सखोल होते व त्यातूनच त्यांचे ‘ख्रिस्तधर्म-सार’ हे पुस्तक सिद्ध झाले.

मार्च १९५१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ते पवनारहून पायी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीस निघाले. तेथून पुढे तेलंगणात फिरताना १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी शंभर एकरांचे पहिले दान मिळाले आणि भूदानयज्ञाचा आरंभ झाला. त्यानंतर एप्रिल १९६४ मध्ये पवनारास परत येईपर्यंत पदयात्रा चालूच होती. चाललेले अंतर सुमारे सत्तर हजार किलोमीटर भरते असे सांगतात, आणि दानात मिळालेल्या जमिनीचा आकडा चाळीस लाख एकरांच्या पुढे गेला. ती सर्वच जमीन कसणाऱ्यांच्या हाती पडली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

डिसेंबर १९६३ मध्ये ही यात्रा रायपूरच्या सर्वोदय संमेलनास आली. तेव्हा भिलाईची पहिली झोतभट्टी पेटून पाच वर्षेही झाली नव्हती. आसपासचे हजारो तरुण नव्या कारखान्यात पोलाद घडवीत होते आणि पलीकडे रायपुरास अडसष्ट वर्षांचा एक कृश वृद्ध अनेक प्रांत पायांखाली घालून पोचला होता. कोणाचे शरीर अधिक टणक होते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

हा वृद्ध वेदनामुक्त होता काय? नव्हता. आतड्यातील व्रण त्यांना वर्षानुवर्षे छळत असे. म्हणूनच ते दही, दूध, मध असा सौम्य आहार थोडाथोडा, मोजूनमापून, दिवसातून अनेक वेळा घेत. पहाटे तीनच्या सुमारास उठणे, उजाडण्यापूर्वी चालू लागणे आणि रात्री लवकर झोपणे, हा क्रम त्यांनी सहसा मोडू दिला नाही. नियमाच्या बळावर त्यांनी वेदनेला तिच्या मर्यादेत ठेवले.

तथापि त्यांचे सर्वच अनुकरणीय नाही. डिसेंबर १९५२ मध्ये चांडिल येथे त्यांना मलेरियाने गाठले. आरंभी त्यांनी औषध नाकारले. प्रकृती चिंताजनक झाल्यावर थोरामोठ्यांच्या आग्रहामुळे ते घेतले आणि ते वाचले. आतड्यातील व्रणाविषयी तर आज अधिक ज्ञान आहे. पुष्कळदा हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूमुळे तो होतो, हे मार्शल व वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवून दिले, आणि त्यासाठी त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा जंतू त्यांनी प्रयोगशाळेत प्रथम वाढवला तो १९८२ साली, म्हणजे विनोबांच्या निधनाच्याच वर्षी. जो विकार विनोबांनी पथ्याने जन्मभर सांभाळला, तो आज बहुधा काही आठवड्यांच्या औषधाने बरा होतो. तेव्हा पथ्य पाळा, पण औषध टाळू नका. लूक वैद्य होता, याचा आपणांस विसर पडू नये.

१९७० पासून विनोबा पवनार येथेच स्थिर झाले. १९७४ च्या नाताळाच्या दिवशी त्यांनी एक वर्षाचे मौन आरंभिले. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न व औषध यांचा त्याग केला आणि १५ नोव्हेंबर रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, देह ठेवला. जीवनाचा शेवट देवाच्या हाती सोपवणाऱ्या आपणांस हा अखेरचा निर्णय मान्य होणार नाही. पण त्यापूर्वीची साठ-पासष्ट वर्षे त्यांनी देह कसा वापरला, हे पाहण्याजोगे आहे.

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात शारीरिक व्यायाम आणि सुभक्ती यांची तुलना आहे. त्या वचनाचा आधार घेऊन पुष्कळजण व्यायामाची हेटाळणी करतात. मूळ ग्रीक शब्दांकडे पाहिले तर पौलाने व्यायामाचा लाभ थोडा किंवा थोड्या काळापुरता म्हटला आहे. तो शून्य म्हटलेला नाही. विनोबांनी हा थोडा लाभ व्यर्थ जाऊ दिला नाही. व्यायामाने मिळालेले बळ त्यांनी भूमिहीनाच्या दारापर्यंत पोचण्यासाठी खर्च केले.

वाचकहो, जागतिक आरोग्य संघटना आज प्रौढांना आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावयास सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणे. त्याला आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळ देणाऱ्या श्रमाची, आणि पासष्टी ओलांडलेल्यांनी तीन दिवस तोल सांभाळण्याच्या व्यायामाची जोड द्यावी. हृदयरोग वा मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांना भेटा. उद्या सकाळी पाच मिनिटेच चाला, परवा सात. ताटातला भात एक मूठ कमी करा; डाळ, दूध, अंडे किंवा मासळी यांपैकी जे परवडेल ते थोडे वाढवा. आणि पायांत बळ आले की त्या पायांनी कोठे जावयाचे, हेही ठरवून ठेवा. आपल्या मंडळीत अंथरुणाला खिळलेला कोणीतरी असेल. फेरफटक्याची वाट त्याच्या घरावरून न्या.