रहीमसाहेब : शाळामास्तर ते ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक

आमच्या फैजपूरला मुलं मैदानावर आली की आधी बॅट-बॉल निघतो, फुटबॉल कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून यावेळी मुद्दाम एका फुटबॉल प्रशिक्षकाचं चरित्र घेतलंय. २०२४ मध्ये आलेला 'मैदान' हा सिनेमा त्यांच्यावरच आहे. आणखी एक कारण म्हणजे ते आपल्यातलेच, शाळेत शिकवणारे!

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादला झाला. उस्मानिया विद्यापीठाचे ते पदवीधर. शाळेत शिक्षक झाले, शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. त्या काळी आपला मराठवाडासुद्धा हैदराबाद संस्थानात होता, हे मुलांना नकाशावर जरूर दाखवा.

१९५० मध्ये ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. पण मला त्यांच्यातला मास्तर दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी. मुलांसाठी ते अशा स्पर्धा घेत, की ज्यात फक्त कमजोर पायानेच चेंडू मारायचा. काही स्पर्धांत चेंडू एकट्याने घोळवत नेायला बंदी, म्हणजे पास द्यावाच लागणार. उजव्या पायावर भिस्त असलेल्या पोराची सुरुवातीला काय तारांबळ उडत असेल, बघा!

भारतीय संघही त्यांच्याकडे आला. १९५१ला दिल्लीत इराणला हरवून पहिल्याच एशियाडचं सुवर्ण मिळालं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला मात्र युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू थंडीत अनवाणी खेळत होते. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये नेव्हिल डिसूझाच्या तीन गोलांमुळे ऑस्ट्रेलियाला ४-२ असं नमवून संघ चौथा आला.

आता १९६२चं जकार्ता. रहीमसाहेबांना फुप्फुसाच्या कर्करोगाने पोखरलं होतं. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २-० असा गमावला. थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेल सिंग यांचं डोकं फुटलं, टाके पडले. त्यात इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवलं होतं. एका भारतीय क्रीडा अधिकाऱ्याने त्यावर आक्षेप घेतल्याने तिथले प्रेक्षक भारताच्या संघावरच चिडले होते.

अशा वेळी तुम्ही-आम्ही जखमी खेळाडूला बसवून ठेवलं असतं, नाही का? रहीमसाहेबांनी जर्नेलना उपांत्य फेरीत चक्क आघाडीवर खेळवलं. त्यांनी गोल केला, दक्षिण व्हिएतनाम ३-२ असा हरला. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा तोच दक्षिण कोरिया समोर. स्टेडियममध्ये सुमारे लाखभर माणसं, आणि बहुतेक सगळी विरोधात. आधी पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला, थोड्याच वेळात टाके घातलेल्या डोक्यानिशी खेळणाऱ्या जर्नेलनी दुसरा. भारत २-१ असा जिंकला.

मास्तर सुवर्ण घेऊन परतले, पण पुढचा हंगाम काही त्यांना मिळाला नाही. ११ जून १९६३ रोजी ते गेले, तेव्हा वय अवघं ५३ होतं. एशियाडमधलं फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताकडे आजतागायत आलेलं नाही.