जोशुआ स्लोकम : एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबचा. आमच्याकडे पाणी म्हटलं की आठवतं ते चिंतामणीच्या देवळातलं कुंड. समुद्र शेकडो किलोमीटर दूर! तरीही मला जवळचा वाटतो तो एक खलाशी, जोशुआ स्लोकम.

कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात २० फेब्रुवारी १८४४ ला त्याचा जन्म झाला. शिक्षण तिसरीपर्यंत. चौदाव्या वर्षी घरातून पळून मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी झाला आणि पुढे मोठ्या जहाजांचा कॅप्टन. पण वाफेची जहाजं आली आणि शिडाच्या जहाजांचा धंदा बसला. १८८४ मध्ये पत्नी व्हर्जिनिया वारली. १८८७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर स्वतःचं जहाज फुटलं. चाळिशी उलटलेली, काम नाही, शिकलेली विद्या जुनी ठरलेली. आपल्या ब्रँचला उद्या कोण विचारणार, हा प्रश्न पडणाऱ्या फायनल इयरवाल्यांना ही अवस्था वेगळी सांगायला नको.

१८९२ मध्ये एका ओळखीच्या कॅप्टनने त्याला एक जहाज देऊ केलं. जाऊन पाहतो तर काय, शेतात पडलेला ‘स्प्रे’ नावाचा कुजका सांगाडा! चेष्टाच ती. पण गड्याने जवळचा ओक तोडला आणि एकेक लाकूड बदललं. लागले १३ महिने आणि ५५३ डॉलर ६२ सेंट. बोट फक्त ३६ फूट ९ इंच लांब.

२४ एप्रिल १८९५ ला तो बोस्टनहून एकटाच निघाला. आणि हो, त्याला पोहता येत नव्हतं!

पॅसिफिकमध्ये वान फर्नांडिसपासून सामोआपर्यंत ७२ दिवस तो सलग पाण्यावर होता. जेवण म्हणजे बटाटे, खारवलेला मासा, बिस्किटं. शिवाय रात्री डेकवर येऊन पडणारे उडते मासे. बाकी वेळ पुस्तकं वाचायची. एकटेपणा खायला उठला की मोठ्याने गाणी म्हणायची. झोपेचं काय? सुकाणू आणि शिडं तो अशी बेताने बांधायचा की दोन्हींचे जोर एकमेकांना तोलून धरत आणि बोट आपोआप सरळ चाले. मेकॅनिक्समधलं इक्विलिब्रियम हेच की! हिंदी महासागरात २३ दिवसांच्या पल्ल्यात तो तीन तासही सुकाण्यावर बसला नाही.

महागड्या क्रोनोमीटरऐवजी त्याच्याकडे होतं एक डॉलरचं, काच फुटलेलं पत्र्याचं घड्याळ. चंद्राचे कोन मोजून तो आपली जागा काढायचा. एकदा उत्तर जुळेना, तेव्हा स्वतःवरचा भरवसा न सोडता त्याने छापील कोष्टकच तपासलं. त्यातला आकडा खरोखरच चुकलेला निघाला! तिसरी शिकलेल्या माणसाने हे करावं आणि आपण व्हायव्हाला कॅल्क्युलेटर शोधावा?

२७ जून १८९८ ला तो न्यूपोर्टला पोहोचला. एकूण ४६ हजार मैल. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. काही वर्षांनी त्याच स्प्रेमधून पुन्हा निघाला, तो परतलाच नाही. १९२४ मध्ये त्याला कायद्याने मृत ठरवण्यात आलं.

आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांनीही आधी ती बोट घडताना उभं राहून पाहिली होती.

वाफेने स्लोकमचा धंदा नेला, पण हातातलं कसब नेता आलं नाही. दोस्तांनो, डिग्रीची चलती आज आहे, उद्या नसेल. वर्कशॉपमध्ये हात काळे करून मिळवलेलं मात्र आपलंच राहतं.