बालकांच्या ताराबाई

लहान मुलाच्या हाती पुस्तक दिले की आपण आधी दटावतो, नीट बस, हसू नकोस. मुलाला हसत खेळत शिकू द्यावे, हे ज्यांनी जन्मभर सांगितले व करून दाखविले, त्या ताराबाई मोडक यांची ओळख आज भगिनींना करून देते.

ताराबाई माहेरच्या केळकर. जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. वडील प्रार्थनासमाजी सुधारक, म्हणून मुलीला शिकविले. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. लग्न होऊन अमरावतीस गेल्या, परंतु संसार टिकला नाही. त्या काळी एकट्या बाईने लहान मुलीला घेऊन आपल्या पायावर उभे राहणे सोपे नव्हते. त्यांनी राजकोटला नोकरी धरली आणि १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या.

गिजुभाई मूळचे वकील. मुलांवर माया एवढी, की लोक त्यांना मिशीवाली आई म्हणत. तेथे छडी नव्हती, धाक नव्हता. त्यांच्या गोष्टी पोट धरून हसविणाऱ्या. पोरे चिडवतात म्हणून न्हाव्याकडे जाऊन एकेक शेपटी कापून घेणारा सात शेपट्यांचा उंदीर त्यांचाच. तीच वाक्ये पुन्हा पुन्हा येतात, शेजारी चित्र असले की नुकते अक्षर ओळखू लागलेले मूलही ती वाचते, आणि सातापासूनचे उलटे आकडे नकळत शिकते. ताराबाईंनीही मुलांसाठी पुष्कळ लिहिले.

१९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढले. पण गरिबांच्या मुलांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तेथे मिळाल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. १९५७ पासून कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणात शाळा भरविली. हा भाग तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या.

भगिनींनो, आपल्या महापे गावात कारखाने पुष्कळ झाले. आता मंडळाच्या कपाटात हसऱ्या चित्रांची दहा पुस्तके येऊ द्या. माझ्यासारखी सातवी शिकलेली आईसुद्धा ती मुलाला मांडीवर घेऊन वाचू शकते. मूल हसले की समजावे, ते शिकू लागले.