हसतमुख आचार्य

सासवड गावाच्या कडेने कऱ्हा नदी वाहते. नदी लहान, पाणी थोडे. परंतु तिचे नाव मराठी साहित्यात कायमचे कोरले गेले आहे. ते कोरणारे लेखक म्हणजे आचार्य प्रल्हाद केशव अत्रे होत. सासवडनजीकच्या कोडीत खुर्द या गावी १३ ऑगस्ट १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. पुढे आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'कऱ्हेचे पाणी' हेच नाव दिले.

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९१९ साली ते बी. ए. झाले. काव्याची त्यांना विलक्षण गोडी होती. राम गणेश गडकरी यांना ते गुरू मानीत. मन कवितेत रमले असले, तरी उपजीविकेसाठी त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि त्या पेशावरही त्यांचे प्रेम जडले.

पुण्याच्या लष्कर भागात कॅम्प एज्युकेशन सोसायटीची शाळा होती. अत्रे तिचे मुख्याध्यापक झाले. तेथे गोरगरिबांची मुले शिकत. शहरातील नामांकित शाळांच्या मानाने ही शाळा सामान्य गणली जाई; परंतु अत्र्यांनी अनेक वर्षे तिच्यासाठी मनापासून श्रम घेतले.

त्या काळी शिक्षक म्हटला की कपाळावर आठ्या आणि हातात छडी, असेच चित्र मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राही. भ्यालेले मूल धडा घोकते. पण त्याला तो समजतोच असे नाही. येथे तर मुख्याध्यापकच विनोदी कवी! 'केशवकुमार' या नावाने त्यांनी लिहिलेला 'झेंडूची फुले' हा विडंबन-काव्यांचा संग्रह १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याने महाराष्ट्राला पोट धरून हसविले.

हसविणाऱ्या या माणसाने शिक्षणाची मात्र कधी थट्टा केली नाही. स्वतः मुख्याध्यापक असताना ते पुन्हा विद्यार्थी झाले. इंग्लंडला जाऊन त्यांनी शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ साली लंडनची शिक्षक-पदविका मिळविली.

पाठ्यपुस्तके रुक्ष असतील, तर मुलांना वाचनाची गोडी कशी लागावी? हा प्रश्न मनाशी धरून अत्र्यांनी 'नवयुग वाचनमाला' सिद्ध केली. मुलांचे घर, त्यांचे खेळ, त्यांची भाषा पुस्तकात आली. 'दिनूचे बिल' हा त्यांचा धडा कोण विसरेल? आपण केलेल्या कामांचे बिल दिनू आईपुढे ठेवतो. आईही आपले बिल लिहिते. पण तिच्या अपार कष्टांची किंमत असते काहीच नाही! आरंभी हसणारा वाचक शेवटी डोळे पुसतो.

१९५३ साली त्यांचे 'मी कसा झालो' हे पुस्तक निघाले. आपण शिक्षक, कवी, नाटककार कसे झालो, याची हकीकत त्यात आहे. दुसऱ्याला हसणे सोपे असते. स्वतःच्या फजितीला हसण्यास मोठे मन लागते. ते मन अत्र्यांपाशी होते.

नाटके, चित्रपट, वृत्तपत्रे अशा सर्व क्षेत्रांत ते गाजले. साने गुरुजींच्या पुस्तकावरून त्यांनी काढलेल्या 'श्यामची आई' या चित्रपटास १९५४ साली राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची वाणी आणि 'मराठा' हे त्यांचे दैनिक अग्रभागी होते. १३ जून १९६९ रोजी त्यांचे निधन झाले.

अत्र्यांना अनेक मान मिळाले. पण लोकांच्या तोंडी राहिली ती 'आचार्य' ही पदवी. आचार्य म्हणजे शिक्षक. मुलांच्या मनातील भीती घालवून तेथे गोडी निर्माण करणाऱ्याला याहून शोभणारे नाव कोणते?