मिरजेचे डॉ. वानलेस आणि शस्त्रक्रियेचे भय

आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके एकेकाळी सातारा जिल्ह्यात होते, हे नव्या पिढीच्या फारसे ध्यानात नसते. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली तेव्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यापूर्वी ब्रिटिशांचा सातारा जिल्हा आणि पटवर्धनांची सांगली-मिरज ही संस्थाने एकमेकांत इतकी गुंतलेली होती, की एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना माणूस दोन-तीन राज्ये ओलांडून जाई. या साऱ्या मुलखात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजारी पडलेल्या माणसापुढे वैद्याचा काढा, वैदूची सुई, देवऋषाचा अंगारा आणि पीर-दर्ग्याचा नवस एवढेच मार्ग होते. शरीर कापून आजार काढता येतो, ही गोष्ट ऐकिवात होती. परंतु आपल्या बापाला किंवा बायकोला त्यासाठी परक्या माणसाच्या हवाली करण्याचे धाडस फार थोड्यांत होते. विल्यम जेम्स वानलेस या डॉक्टरांचे आयुष्य या धाडसाशी कायमचे जोडले गेले.

वानलेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडातील ऑंटारिओ प्रांतात, चार्ल्सटन या लहानशा गावी झाला. घरातील वातावरण कडक प्रेस्बिटेरियन धर्मनिष्ठेचे होते. न्यूयॉर्क विद्यापीठातून १८८९ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली, त्याच वर्षी मेरी मार्शल यांच्याशी विवाह केला आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने हे दांपत्य हिंदुस्थानात येण्यास निघाले. मेरीबाई स्वतः परिचारिका होत्या. या मिशनचे काम कोल्हापुरात १८५२ पासून सुरू होते आणि पुढे त्याची एक शाखा सांगलीत निघाली होती. चोविशीतल्या वानलेस यांची नेमणूक तेथेच झाली.

सांगलीत त्यांनी एक साधा दवाखाना थाटला. औषधपाणी घेण्यास लोक येत. गोळी, मलम, डोळ्यांत घालण्याचे थेंब यांना कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती शस्त्राला. त्यामागे अडाणीपणा होता असे आज सहज म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. त्या काळी रुग्णाला बेशुद्ध करण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरीत. नाकातोंडावर धरलेल्या फडक्यावर थेंब थेंब टाकून दिलेल्या या औषधाने अनेकांच्या वेदना वाचवल्या. मात्र क्वचित एखादा धडधाकट माणूस शस्त्र लागण्यापूर्वीच मेजावर गतप्राण होई. हे असे का घडते, यावर वैद्यकविश्वात मोठा वाद माजला होता. वानलेस ज्या वर्षी या देशाकडे निघाले त्याच १८८९ मध्ये निजामाच्या खर्चाने हैदराबादेत दुसरे क्लोरोफॉर्म कमिशन बसले. शेकडो जनावरांवर प्रयोग करून त्या कमिशनने असा निष्कर्ष काढला, की क्लोरोफॉर्म प्रथम श्वास थांबवते, हृदय नव्हे; तेव्हा भूल देणाऱ्याने नाडीकडे नव्हे तर श्वासाकडे लक्ष द्यावे. हा निष्कर्ष चुकीचा होता. १९११ च्या सुमारास लंडनमध्ये लेव्ही यांनी दाखवून दिले, की हलक्या भुलीतच क्लोरोफॉर्म हृदयाची लय बिघडवून ते एकाएकी बंद पाडू शकते. म्हणजे कृष्णाकाठचा शेतकरी ज्या अनामिक भीतीने शस्त्रक्रियेला नकार देत होता, ती भीती अगदीच निराधार नव्हती, आणि ज्या डॉक्टरांनी त्याला धीर द्यायचा होता त्यांनाही त्या भीतीचे खरे कारण तेव्हा ठाऊक नव्हते.

दोनेक वर्षांतच वानलेस यांनी सांगली सोडून मिरज गाठली. त्याला व्यवहारी कारणही होते. पुण्याहून बेळगावकडे जाणारी सदर्न मराठा रेल्वेची लाइन मिरजेवरून गेली होती आणि कोल्हापूरचा फाटाही तेथूनच निघत होता. सांगली अजून रेल्वेपासून दूर होती. कराड, ताकारी, कोरेगाव या बाजूचा रुग्ण गाडीत बसला की थेट मिरजेत उतरणार होता. प्रारंभी बाजारपेठेतल्या भाड्याच्या जागेत काम चालले. पुढे मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी गावाबाहेर जमीन दिली आणि फिलाडेल्फियाचे धनिक जॉन कॉन्व्हर्स यांनी इमारतीसाठी देणगी दिली. कॉन्व्हर्स हे बाल्डविन या आगगाडीची इंजिने बनवणाऱ्या प्रसिद्ध कारखान्याचे भागीदार होते; इंजिनांच्या नफ्यातून उभ्या राहिलेल्या इस्पितळात रुग्ण आगगाडीने यावेत, हा एक गमतीचा योग म्हणावा लागेल. १८९४ मध्ये हे इस्पितळ सुरू झाले.

मिरज हे तसे दुखणाइतांना अपरिचित गाव नव्हते. मीरासाहेबांच्या दर्ग्यावर दूरदूरचे लोक व्याधीमुक्तीसाठी येत असत. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी प्लेगच्या दिवसांत याच दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, अशी आख्यायिका आहे. पुढे त्यांनी मिरजेतच वास्तव्य केले. दर्ग्याला आलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी मिशनच्या इस्पितळात येई आणि इस्पितळातून सुटलेला रुग्ण वाटेत दर्ग्यावर माथा टेकून जाई. दोन्हींत त्याला विसंगती दिसत नसे.

लोकांचा धीर वाढवला तो मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने. वैदू मंडळी सुईने मोतीबिंदू डोळ्यातच मागे ढकलीत. चार दिवस दिसू लागे आणि पुष्कळदा डोळा पिकून कायमचा जाई. वानलेस मोतीबिंदू बाहेर काढीत. त्याला क्लोरोफॉर्मचीही गरज नव्हती, कारण डोळा बधिर करणारे कोकेनचे थेंब १८८४ पासून वापरात आले होते. पट्टी सुटली की माणसाला समोरचा चेहरा दिसे. असा माणूस पुन्हा आपल्या पायांनी, कोणाचा हात न धरता, गावात शिरला की त्याच्याइतका मोठा पुरावा दुसरा कोणता असणार? आठवड्याच्या बाजारात, देवळाच्या ओसरीवर, लग्नाच्या मांडवात तो आपली हकीगत सांगे. पुढच्या खेपेस त्याच गावची बैलगाडी स्टेशनाकडे निघे, तिच्यात अंतर्गळाचा, मूतखड्याचा किंवा मानेवर मोठे आवाळू वाढलेला रुग्ण असे आणि त्याच्याबरोबर हाच जुना रुग्ण सोबतीला असे. मिशन इस्पितळांच्या इतिहासात डॉक्टरांच्या कौशल्याचे वर्णन भरपूर आढळते. या सोबत्यांची नोंद मात्र फारशी कोणी ठेवली नाही. वास्तविक परक्या भाषेत बोलणाऱ्या गोऱ्या डॉक्टराने दिलेल्या धीरापेक्षा, आपल्यासारखाच फेटा बांधणाऱ्या आणि मेजावर एकदा निजून आलेल्या माणसाचा शब्द अधिक कामास येत असे.

वानलेस यांनी ही गोष्ट ओळखली होती, असे त्यांच्या कारभारावरून दिसते. रुग्णाला नातेवाइकांपासून तोडण्याचा आग्रह त्यांनी धरला नाही. आप्तस्वकीय आवारात मुक्काम करीत, आपल्या जातीच्या रीतीप्रमाणे चूल मांडून भाकरी भाजीत आणि रात्री खाटेपाशी बसत. युरोपातील इस्पितळांच्या शिस्तीला हे धरून नव्हते. पण घरचे माणूस उशाशी आहे एवढ्यावरच कित्येकांनी संमती दिली असेल. श्रीमंतांकडून फी घ्यायची आणि गरिबांना मोफत उपचार द्यायचे, हे धोरण असल्याने संस्थेचा बराचसा खर्च येथल्या येथेच भागू लागला. संस्थानिक आणि इनामदार यांच्या घरचे रुग्ण येत तसे मजूरही येत.

शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करण्याचा तेथे प्रघात होता. वानलेस आधी मिशनरी आणि मग डॉक्टर होते की याच्या उलट, हा प्रश्न त्या काळीही लोक विचारीत. धर्मप्रसार हा त्यांच्या येथे येण्याचा उघड हेतू होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. बाह्यरुग्ण विभागात ताटकळणाऱ्यांना बायबलमधील कथा ऐकाव्या लागत. सनातनी मंडळींना ते खटकणे स्वाभाविक होते. मात्र या इस्पितळातून बरे होऊन गेलेल्यांच्या मानाने धर्मांतर करणारे फारच थोडे निघाले. लोकांनी डॉक्टरांचे शस्त्र स्वीकारले आणि धर्म आपापलाच ठेवला. या मुलखातील माणसांच्या समंजसपणाचा हा नमुना होय. आणि तरीही उपचारांत हात आखडता न घेणे, हा वानलेस यांच्या बाजूचा समंजसपणा.

एका डॉक्टराने साऱ्या मुलखाला पुरे पडणे अशक्य होते. म्हणून १८९७ मध्ये त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा काढली. प्रॉटेस्टंट मिशनने हिंदुस्थानात चालवलेल्या अशा पहिल्या शाळांत तिची गणना होते. मराठी मुलखातील तरुण तेथे शरीरशास्त्र शिकले, भूल देण्यास व जखमा बांधण्यास शिकले आणि पुढे ठिकठिकाणच्या दवाखान्यांत गेले. परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली. स्त्री-रुग्णांच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे होते, कारण पुरुष डॉक्टरने तपासावे ही कल्पनाच अनेक घरांत सहन होण्यासारखी नव्हती. मेरीबाईंचा या कामातील वाटा मोठा होता. त्याच सुमारास प्लेगने दक्षिण महाराष्ट्रात थैमान घातले, गावेच्या गावे माळावर झोपड्यांत राहू लागली, दुष्काळही पडला. कुष्ठरोग्यांसाठी वसाहत उभी राहिली तीही याच काळात. १९०६ मध्ये मेरीबाईंचे निधन झाले. कोल्हापूरच्या मिशन इस्पितळाला त्यांचे नाव आहे. वानलेस यांनी पुढे लिलियन हेवन्स यांच्याशी विवाह केला आणि काम पूर्ववत चालू राहिले.

वानलेस यांच्या हातून पोट, डोळे, हाडे, मूत्राशय यांच्या असंख्य शस्त्रक्रिया पार पडल्या. हृदय मात्र त्या काळातील सर्वच शल्यचिकित्सकांप्रमाणे त्यांच्याही मर्यादेबाहेर राहिले. मिरजेचे इस्पितळ सुरू झाल्यावर दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन यांनी सुरीच्या वाराने फाटलेले हृदय शिवून रुग्णाला वाचवले होते. परंतु तो अपघाती प्रसंग होता. १९२५ मध्ये लंडनच्या हेन्री सौटर यांनी एका मुलीच्या हृदयात बोट घालून आवळलेली झडप रुंद केली. मुलगी बरी झाली. तरी पुन्हा तसा रुग्ण सौटर यांच्याकडे पाठवण्यास कोणी वैद्य धजला नाही. जे भय मिरजेच्या बैलगाडीत होते तेच लंडनच्या नामांकित डॉक्टरांच्या मनात होते, आणि तेथे तर जुना रुग्ण सोबतीला नेण्याचीही सोय नव्हती. सौटर यांच्याकडे तसा रुग्ण एकच होता. सांध्यांच्या तापाने झडपा आकुंचित झालेले, दोन पायऱ्या चढताच धापा टाकणारे तरुण-तरुणी मिरजेच्या वऱ्हांड्यातही आले असतीलच. त्यांना डिजिटॅलिस द्यावे, विश्रांती सांगावी आणि घरी पाठवावे, यापलीकडे वानलेस यांच्या हाती काही नव्हते.

हृदयापर्यंतचा रस्ता जगभर निघाला तो क्षयरोगाच्या बाजूने. क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसांसाठी छाती उघडण्याचे तंत्र ज्यांनी आत्मसात केले, त्यांच्यातलेच काही पुढे हृदयाकडे वळले. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारण्याची वानलेस यांची अखेरच्या पर्वातील धडपड या संदर्भात पाहण्यासारखी आहे. १९२० च्या सुमारास ते सुरू झाले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला आणखी दोन तपे जायची होती. मोकळी हवा, सकस अन्न आणि महिनोन्महिने खाटेवर पडून राहणे, एवढाच उपचार. येथे शस्त्रक्रियेसारखा एका दिवसाचा धीर पुरत नसे. घरच्यांनी टाकलेले, शेजाऱ्यांनी वाळीत टाकल्यासारखे केलेले रुग्ण शेजारच्या खाटेवरील माणसाच्या आधारावर दिवस काढीत. त्या वस्तीचेच नाव वानलेसवाडी पडले.

जवळजवळ ४० वर्षांच्या सेवेनंतर १९२८ मध्ये डॉ. वानलेस निवृत्त झाले. सरकारने त्यांना त्याच वर्षी सर ही पदवी दिली. ते अमेरिकेत कॅलिफोर्नियात जाऊन राहिले आणि मिरजेतील आठवणींचे पुस्तक त्यांनी इंग्रजीत लिहिले. ते १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. ३ मार्च १९३३ रोजी ग्लेंडेल येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा मिरजेच्या इस्पितळाची धुरा त्यांच्याच हाताखाली तयार झालेले डॉ. चार्ल्स व्हेल सांभाळत होते. पुढे इस्पितळाला वानलेस यांचे नाव देण्यात आले आणि १९६२ मध्ये मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याचे विद्यार्थी रुग्णपरीक्षा शिकण्यासाठी याच इस्पितळाच्या वॉर्डांतून फिरू लागले. खाटांवर सातारा, सांगली, कोल्हापूर, विजापूरकडचे रुग्ण होते. आणि उशाशी, पूर्वीप्रमाणेच, गावाकडून आलेले कोणीतरी बसलेले असे.