लाटांवरचा स्वार : ड्यूक कहानामोकू



मागच्या महिन्यात वर्गातल्या दोन-तीन मुलांनी विचारले होते, की आपल्या घरापासून समुद्र इतका जवळ असताना इथे कुणी फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत का येत नाही? टीव्हीवर तर दाखवतात! प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी एका माणसाची ओळख करून द्यावी लागेल. म्हणून ह्या अंकातले चरित्र त्याचे.

अल अझीझियातून कॉर्निशवर जाताना जो तांबडा समुद्र दिसतो, तो लांबीला मोठा पण रुंदीला अगदी अरुंद आहे. जास्तीत जास्त साडेतीनशे किलोमीटर. लाट मोठी व्हायला दोन गोष्टी लागतात : वारा आणि त्याला धावायला मोकळे अंगण. आपल्या समुद्राला अंगणच लहान. वारा सुटला की पाणी खवळते, कॉर्निशच्या कठड्यावर तुषार उडतात, पण उंच, लांब, एकामागून एक शिस्तीत येणाऱ्या लाटा तयार होत नाहीत. बाकी सगळी तयारी मात्र इथे आहे. ओभूरच्या बाजूला पाण्यात तोंड बुडवून पाहिलेत तर पोवळ्याचे खडक दिसतात. बलदमधली जुनी घरेसुद्धा त्याच दगडाची बांधलेली. आजीच्या अंगठीतल्या लाल पोवळ्याचेच हे भाऊबंद. असे खडक आणि त्यावर महासागराच्या लाटा, ही जोडी जिथे जमली, त्या बेटांवर आपला आजचा नायक जन्मला.

ती बेटे म्हणजे हवाई. (नावावरून विमानाशी संबंध जोडू नका!) प्रशांत महासागराच्या मध्यावर, कुठल्याही खंडापासून हजारो किलोमीटर दूर. तिथल्या होनोलुलू गावात २४ ऑगस्ट १८९० रोजी ड्यूकचा जन्म झाला. ‘ड्यूक’ ही पदवी नव्हे, नावच. १८६९ साली इंग्लंडच्या राणीचा एक मुलगा, एडिंबराचा ड्यूक, बेटांवर आला होता. त्याची आठवण म्हणून ड्यूकच्या वडिलांचे नाव ड्यूक ठेवले गेले आणि वडिलांचे नाव पुढे थोरल्या मुलाला मिळाले. वडील पोलिसात होते. घरात सहा भाऊ आणि तीन बहिणी. मुले वाढली ती वायकीकीच्या किनाऱ्यावर, आईच्या माहेरच्या गोतावळ्यात. घर आणि समुद्र ह्यांच्यामध्ये फक्त वाळू.

तो काळ हवाईच्या लोकांसाठी फार वाईट होता. हे थोडे सविस्तर सांगतो, कारण त्याशिवाय ड्यूकने काय केले ते कळणार नाही. १७७८ साली कॅप्टन कूकची जहाजे आली आणि त्यांच्यामागून बाहेरचे रोग आले. बेटांवरच्या लोकांना त्या रोगांची सवय नव्हती. माणसे पटापट मेली. एके काळी काही लाखांत असलेली मूळ प्रजा १८९० च्या शिरगणतीत सुमारे चाळीस हजारांवर आली होती. ड्यूक अडीच वर्षांचाही नव्हता तेव्हा, जानेवारी १८९३ मध्ये, राणी लिलिउओकलानीला गादीवरून खाली उतरवले गेले. १८९६ मध्ये शाळांमधून हवाईयन भाषेतले शिक्षण कायद्याने बंद झाले. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेला जोडली गेली. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, हे तुम्हाला नवे नाही. पण तुम्ही सुट्टीत गावी जाता तेव्हा तिथे मराठी बोलणारे सगळे गाव असते. त्या मुलांचे गावच बदलून गेले होते.

लाटेवर स्वार होणे हा त्या लोकांचा शेकडो वर्षांचा खेळ. राजे खेळत, कोळी खेळत, बायका खेळत. १८२० नंतर आलेल्या मिशनऱ्यांना हा खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय वाटे. त्यातून माणसेच कमी झालेली, उरलेल्यांना पोटाची चिंता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फळ्या घेऊन पाण्यात उतरणारे फारच थोडे राहिले होते. त्या थोड्यांमध्ये वायकीकीची ही मुले होती. ड्यूकने आणि त्याच्या मित्रांनी पुढे आपले मंडळ काढले, ‘हुई नालू’. हुई म्हणजे मंडळी, नालू म्हणजे लाट. लाटेची मंडळी! नाव आम्हाला फार आवडले.

आता ही फळी काय होती ते पाहा. ड्यूकची आवडती फळी कोआ नावाच्या तिथल्या लाकडाची, १६ फूट लांब आणि ११४ पौंड वजनाची. म्हणजे ५० किलोंच्या वर. आपल्या वर्गातला एखादा मोठा मुलगा डोक्यावर घेऊन वाळूतून चालल्यासारखेच. आजकाल फळीच्या खाली माशासारखा पर असतो, त्यामुळे ती वळते. तो पर १९३५ च्या सुमारास आला. आज फळी पायाला दोरीने बांधलेली असते. तीही नव्हती. वळायचे ते अंगाचा भार बदलून आणि मागचा पाय पाण्यात ओढून. पडलात तर फळी गेली किनाऱ्याला आणि तुम्ही तिच्यामागे पोहत.

पोवळ्याच्या खडकावरची लाट वाळूवरच्या लाटेहून वेगळी असते. दूर कुठे तरी वादळ होते. तिथून निघालेल्या लाटा हजारो मैल चालून येतात. खोल समुद्रात त्या नुसत्या उचलल्यासारख्या दिसतात, नाव त्यांच्यावरून वर-खाली होते इतकेच. पण पाणी उथळ झाले की लाटेचा खालचा भाग अडखळतो, मागचे पाणी पुढच्यावर चढते, आणि खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा पट उरली की लाट फुटते. चालताना उंबऱ्याला ठेच लागली की माणूस पुढे पडतो, तसेच. वाळू दर पावसाळ्यात सरकते, त्यामुळे तिथली लाट आज इथे तर उद्या तिथे फुटते. खडक हलत नाही. म्हणून त्यावरची लाट वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच वळणाने फुटते आणि ती शिकता येते. शिकायचे मात्र अंगावर ओरखडे काढून. पाण्याखाली चार फुटांवर धारदार पोवळे असते. तिथे पडायचे ते सपाट, अंग पसरून. पाय खाली सोडले की तळवा चिरला. पोवळ्याची जखम लवकर भरत नाही, हे ओभूरला अनवाणी उतरलेल्या काही पालकांना ठाऊक आहे! (आणि मुलांनो, पोवळे जिवंत असते. त्यावर उभे राहिलात तर तुमच्याइतकीच इजा त्यालाही होते.)

जाणता खेळाडू लाटांमधून झुंजत बाहेर जात नाही. खडकाच्या दोन पट्ट्यांमध्ये मोकळी वाट असते. जिथे ओढ्याचे गोडे पाणी आणि गाळ समुद्रात येतो तिथे पोवळे वाढत नाही, म्हणून ती वाट राहते. त्या वाटेने तो हातांनी वल्हवत खोल पाण्यात जातो. मग किनाऱ्यावरच्या खुणा जुळवतो : अमुक झाड अमुक टेकडीच्या टोकाखाली आले की आपण बरोबर जागेवर. कोकणातले कोळीही अशाच खुणांनी समुद्रातली आपली जागा ओळखतात. मग वाट पाहणे. लाटा घोळक्याने येतात. पहिली सोडायची की तिसरी धरायची, हे ठरवण्यातच निम्मी विद्या आहे. ड्यूक ह्यात कुणाला हार जात नसे. तो पाण्यात फार बोलत नसे, घाई करत नसे, आणि आलेली चांगली लाट बरोबरच्या माणसाला देऊन टाकी. बरोबरीच्या मुलांनी त्याला मानले ते ह्यासाठीही असावे.

१९१७ मध्ये, २६ वर्षांचा असताना, त्याची ती प्रसिद्ध लाट आली. त्या दिवसांत वायकीकीच्या अगदी बाहेरच्या खडकावर, जिथे एरवी पाणी शांत असते, प्रचंड लाटा फुटत होत्या. त्या जागेला कॅसल्स म्हणत. ड्यूक तिथवर गेला आणि त्याने एक लाट धरली. सरळ किनाऱ्याकडे न येता तो तिच्या तोंडावरून तिरका निघाला. एका खडकावरची लाट संपते तोच ती पुढच्या खडकावर पुन्हा उभी राहते. मधल्या खोल पाण्यात ती मंदावते, तिथे फळीचा वेग सांभाळला तरच पुढचा टप्पा मिळतो. एकामागून एक खडक ओलांडत तो किनाऱ्याला लागला. अंतर कुणी फीत लावून मोजले नाही, पण मैलभराहून अधिक होते असे मानतात. पराशिवाय, दोरीशिवाय, ११४ पौंडांच्या फळीवर! ही फुशारकी आहे असे कुणाला वाटले तर त्याने आधी पन्नास किलोंची फळी घेऊन पाण्यात उतरावे, असे आमचे मत आहे.

जगाला मात्र ड्यूक आधी पोहणारा म्हणून कळला. ऑगस्ट १९११ मध्ये होनोलुलूच्या बंदरात झालेल्या शर्यतीत त्याने १०० यार्ड ५५.४ सेकंदांत पार केले. जागतिक विक्रमाहून साडेचार सेकंदांनी कमी! अमेरिकेतल्या अधिकाऱ्यांचा विश्वासच बसला नाही. घड्याळे चुकली असतील, प्रवाहाने ढकलले असेल, असे म्हणून त्यांनी विक्रम नाकारला. गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याला अमेरिकेला पाठवले. तलावात तो कधी पोहला नव्हता, भिंतीला पाय लावून वळणे ठाऊक नव्हते, थंड पाण्यात पायांत गोळे आले. तरी तो शिकला आणि १९१२ मध्ये स्टॉकहोमला १०० मीटरचे सुवर्णपदक घेऊन आला. १९१६ ची ऑलिंपिक महायुद्धात बुडाली. १९२० मध्ये अँटवर्पला, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, त्याने अंतिम शर्यत विक्रमी वेळेत जिंकली. एका स्पर्धकाने तक्रार केल्यामुळे शर्यत पाच दिवसांनी पुन्हा घेतली, तीही त्यानेच जिंकली. चार जणांच्या शर्यतीतही सुवर्ण मिळाले. त्याच अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले होते आणि कोल्हापूरचे रणधीर शिंदे कुस्ती खेळले होते, हेही लक्षात ठेवा. १९२४ मध्ये पॅरिसला ड्यूक चौतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर दुसरा आला. पहिला आला जॉनी वाइसम्युलर, पुढे पडद्यावर टारझन झालेला. तिसरा ड्यूकचाच भाऊ सॅम.

पदकांमुळे त्याला जगभरातून बोलावणी आली आणि जाईल तिथे तो फळीही दाखवू लागला. ऑस्ट्रेलियात १९१४ च्या डिसेंबरात सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्याने तिथलेच लाकूड मिळवून स्वतः फळी घडवली आणि लोकांना थक्क केले. १९१५ च्या सुरुवातीला इझाबेल लेथम नावाची पंधरा वर्षांची मुलगी त्याच्याबरोबर फळीवर चढली. ती फळी त्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षक मंडळाने अजून जपून ठेवली आहे. जो खेळ दोन पिढ्यांपूर्वी मरणाला टेकला होता, तो असा दुसऱ्या खंडात रुजला. ड्यूकने शिकवण्याचे पैसे मागितले नाहीत. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ऑलिंपिकच्या खेळाडूला खेळावर पैसे मिळवताही येत नसत. घरी परतल्यावर मिळेल ते काम करावे लागे.

१४ जून १९२५. ड्यूक तेव्हा कॅलिफोर्नियात होता, चित्रपटांत लहानसहान भूमिका करत. सकाळी मित्रांबरोबर कोरोना देल मार ह्या किनाऱ्यावर असताना ‘थेल्मा’ नावाची मासेमारीची नाव बंदराच्या तोंडाशी मोठ्या लाटांत सापडली आणि उलटली. नावेवर २९ माणसे होती. लाटा अशा की पोहत जाणे कठीण आणि होडी घालणे त्याहून कठीण. ड्यूक फळी घेऊन शिरला. बुडणाऱ्याला फळीवर ओढायचे, किनाऱ्याला आणायचे, पुन्हा जायचे. आठ जणांना त्याने एकट्याने वाचवले, चौघांना त्याच्या मित्रांनी. सतरा माणसे गेली. त्या सकाळनंतर जीवरक्षक फळ्या बाळगू लागले. वायकीकीच्या मुलांचा खेळ, ज्याला वेळेचा अपव्यय म्हटले गेले होते, तो बारा घरांच्या उपयोगी पडला. ड्यूक स्वतः ह्या प्रसंगाबद्दल फारसे बोलत नसे.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. त्याने काही काळ पेट्रोल पंप चालवले. १९३४ मध्ये तो होनोलुलूचा शेरीफ म्हणून निवडून आला आणि तेरा वेळा निवडून येत सुमारे सव्वीस वर्षे त्या पदावर राहिला. १९४० मध्ये नेडीन अलेक्झांडर ह्या नृत्यशिक्षिकेशी लग्न केले. लाटेवर स्वार होणे ऑलिंपिकमध्ये असावे ही त्याची जुनी इच्छा होती. ती त्याच्या हयातीत पुरी झाली नाही. हा खेळ टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये आला तो थेट २०२१ साली, आणि महिलांचे पहिले सुवर्ण मिळाले ते होनोलुलूच्याच करिसा मूरला.

२२ जानेवारी १९६८ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, हृदयविकाराने ड्यूक गेला. होड्या बाहेर निघाल्या आणि त्याच्या अस्थी वायकीकीच्या खडकांपलीकडे समुद्रात सोडल्या गेल्या.

१९९० मध्ये वायकीकीला त्याचा नऊ फुटी ब्राँझचा पुतळा उभा केला. हात पसरलेले, मागे फळी. पण त्याचे तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे! तिथल्या लोकांनी बरीच कुरकुर केली, कारण लाटेवरचा माणूस समुद्राकडे कधी पाठ करत नाही. पुतळा मात्र तसाच आहे, आणि येणारे-जाणारे त्याच्या पसरलेल्या हातांवर फुलांच्या माळा अडकवून जातात.